एकीचं कौतुक, बाकीच्यांचा अपमान

१३ जानेवारी १४८८ ही तारीख एका लॅटिन पत्रावर आहे. उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहरात राहणाऱ्या लॉरा चेरेतानं ते लिहिलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि विधवा होती. पंधराव्या वर्षी लग्न झालं, दीड वर्षात नवरा प्लेगनं गेला. दिवस घरकामाचा, त्यामुळे वाचन, लेखन आणि आवडीचं भरतकाम हे सगळं घर झोपल्यावर. पत्र बिबुलस सेम्प्रोनियस नावाच्या माणसाला उद्देशून आहे. हे नाव बहुधा तिनंच रचलेलं असावं, कारण बिबुलस म्हणजे पिण्याचा शौकीन. या बिबुलसनं तिला काही वाईटसाईट म्हटलेलं नाही. तो तिचं तोंड भरून कौतुक करतो. बाईच्या जातीत अशी बुद्धी सहसा सापडत नाही, म्हणून ही मुलगी म्हणजे आश्चर्यच, असा त्याचा सूर आहे. आणि या कौतुकानं चेरेता पेटून उठते.

तिचं म्हणणं सरळ आहे. मला उचलून धरण्यासाठी तू माझ्या सगळ्या जातीला खाली ढकलतोस, आणि त्या बदल्यात मी तुझे आभार मानावेत अशी तुझी अपेक्षा आहे. मग ती पुराणकाळापासून आपल्या काळापर्यंतच्या विदुषींची नावं घेत येते आणि वेरोनाच्या इसोत्ता नोगारोलापाशी, व्हेनिसच्या कासान्द्रा फेदेलेपाशी पोचते. मी एकटी उगवलेली नाही, माझ्यामागे बायकांचं एक अख्खं कुळ उभं आहे, हे तिला सांगायचं आहे. शिकण्याची मोकळीक निसर्गानं सगळ्यांना सारखीच दिली आहे, असं ती ठामपणे लिहिते.

‘तू इतर बायकांसारखी नाहीस’ हे वाक्य आयुष्यात एकदाही ऐकलं नाही अशी शिकलेली बाई मला भेटलेली नाही. वर्गात, कचेरीत, सासरच्या बैठकीत हे वाक्य बक्षिसासारखं हातात ठेवलं जातं आणि आपण ते घेतो. मीही घेतलेलं आहे. सव्वापाचशे वर्षांपूर्वी एका अठरा वर्षांच्या मुलीनं ते परत केलं, हे समजलं तेव्हापासून युरोपातल्या त्या जुन्या वादाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

हा वाद सुमारे १४०० पासून पुढे तीनशे-चारशे वर्षं चालला. फ्रान्समध्ये त्याला ‘बायकांविषयीचा तंटा’ अशा अर्थाचं नाव पडलं. बाई मुळातच हलकी का, तिला शिकवावं का, बायबलातल्या ईव्हचं पाप मोठं की ॲडमचं, असे त्याचे विषय. त्याची गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते: पुरुषांनी निंदा केली, धाडसी बायकांनी उत्तर दिलं. ते खरंच आहे. पण निंदकाला उत्तर देणं त्यातल्या त्यात सोपं काम होतं, असं मला वाटतं. खरी झुंज होती ती ‘अपवाद’ नावाच्या सापळ्याशी.

पॅरिसच्या क्रिस्तीन द पिझाँपासून सुरुवात करू. ती १३६४ साली व्हेनिसमध्ये जन्मली. वडील फ्रान्सच्या राजाचे ज्योतिषी आणि वैद्य, म्हणून लहानपणीच पॅरिसला आली. पंचविशीत वैधव्य आलं. पदरात मुलं, आई आणि एक भाची, शिवाय नवऱ्याची येणी वसूल करण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. तिनं लेखणीवर घर चालवलं. त्या काळी फ्रान्समध्ये ‘गुलाबाची कथा’ हे दीर्घकाव्य प्रत्येक सुशिक्षिताच्या तोंडी होतं. त्याच्या उत्तरार्धात झाँ द मन या कवीनं बायकांवर भरपूर तोंडसुख घेतलं आहे. १४०१ मध्ये राजाच्या एका चिटणिसानं त्याची स्तुती करणारा मजकूर लिहिला आणि क्रिस्तीननं त्याला जाहीर उत्तर दिलं. चिटणीस मंडळींनी तिला उद्धट ठरवलं, शब्द मागे घ्यायला सांगितलं. तिनं ती सगळी पत्रं गोळा करून १४०२ मध्ये राणीपुढे ठेवली. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झाँ जेर्सों तिच्या बाजूनं उभा राहिला.

तिचे युक्तिवाद आज वाचतानाही ताजे वाटतात. बायका जर इतक्या चंचल आणि सहज फसणाऱ्या असतील, तर त्यांना वश करण्याच्या युक्त्यांवर कवींना एवढी जाडजूड पुस्तकं का लिहावी लागतात? दार उघडंच असेल तर एवढी शिडी कशाला? (शिडी माझी, मुद्दा तिचा.) आणि ही पुस्तकं बायकांनी लिहिली असती तर त्यांतला मजकूर वेगळा असता, हेही तिनं १३९९ च्या एका कवितेत सांगून टाकलं होतं. पुरावा कोणी गोळा केला आहे ते आधी बघा, हा तो प्रश्न. वकिलाला सुचावा तसा तिला सुचला, आणि इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बाईला तो सुचला याचं मला नवल वाटत नाही.

१४०५ च्या ‘स्त्रियांची नगरी’ या तिच्या ग्रंथाची सुरुवात मला फार जवळची वाटते. क्रिस्तीन आपल्या अभ्यासिकेत बसली आहे. जड ग्रंथांनी डोकं शिणलंय म्हणून हलकंफुलकं काही वाचावं तर हाताला मातेओलस नावाच्या माणसाचं बायकांना शिव्या घालणारं पुस्तक लागतं. तेवढ्यात आई जेवायला हाक मारते. पुस्तक मिटतं. दुसऱ्या दिवशी ती ते पुन्हा उघडते आणि हळूहळू मनात विष भिनत जातं. इतके विद्वान, इतके तत्त्वज्ञ एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती खरीच असणार, माझी स्वतःची समजूत चुकीची असणार. देवा, मला बाईचा जन्म का दिलास? तेव्हा विवेक, सचोटी आणि न्याय या तिघी तिच्यापुढे प्रकट होतात. विवेक तिला पहिली गोष्ट ही सांगते की पुस्तकांपेक्षा तू स्वतः पाहिलेल्या, बोललेल्या, सोसलेल्या बायकांच्या ज्ञानावर भरवसा ठेव.

या प्रसंगात मला अख्ख्या वादाचं मर्म दिसतं. शिवी लागते त्यापेक्षा खोलवर लागतं ते विद्वानांचं एकमत. ते एकमत बाईच्या स्वतःच्या अनुभवालाच खोटं पाडतं. म्हणून क्रिस्तीनला एकेका निंदकाला उत्तर देऊन भागणार नव्हतं, तिला अख्खी नगरी बांधावी लागली: राण्या, योद्ध्या, कवयित्री, संत, सगळ्यांना विटांसारखं रचून. नगरीत एकटी कोणी राहत नाही, तिथे अपवाद कोणीच उरत नाही. याच ग्रंथात ती म्हणते की मुलांप्रमाणे मुलींनाही शाळेत घालण्याची चाल असती, तर त्याही सगळ्या विद्या तितक्याच चांगल्या शिकल्या असत्या. तिच्या स्वतःच्या शिक्षणाला हौसेनं हातभार लावणारे वडील होते आणि सूतकताईला जुंपू पाहणारी आई होती, हेही ती लपवत नाही.

या पुस्तकांना आज डोक्यावर घेताना त्यांच्या मर्यादा झाकू नयेत. ‘नगरी’च्या शेवटी क्रिस्तीन लग्न झालेल्या बायकांना वाईट नवराही सोसायला सांगते. चेरेताही नटण्यामुरडण्यात रमलेल्या बायकांना दोष देते, जणू शिकणं न शिकणं ही निव्वळ मर्जीची बाब आहे. इसोत्ता नोगारोलाची गोष्ट तर याहून अवघड. १४५१ च्या सुमारास तिचा व्हेनिसच्या लुदोविको फोस्कारिनी या सरदाराशी लेखी वाद झाला: ॲडमचा अपराध मोठा की ईव्हचा? इसोत्तानं ईव्हची बाजू घेतली आणि युक्तिवाद केला की ईव्ह दुबळी आणि अजाण होती, म्हणून तिचा दोष कमी. खटला जिंकायचा तर अशील कमी अकलेची होती हे मान्य करायचं! इसोत्ता त्या काळच्या उत्तम लॅटिन जाणकारांपैकी एक. अशा बाईलाही दुसरा मार्ग मिळाला नाही, कारण प्रश्नच तसा विचारलेला होता.

यावर अभ्यासकांमध्ये एक नेहमीचा आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. हा सगळा वाद म्हणजे वक्तृत्वाचा खेळ होता, असं म्हणतात. एकच लेखक आज निंदा लिहायचा, उद्या स्तुती. दोन्ही पुस्तकं खपायची. कायदा बदलला नाही, वारसाहक्क बदलला नाही, मुलींना विद्यापीठाचं दार उघडलं नाही. याचा पुरावाही हाताशी आहे. रावेन्नाच्या जुझेप्पे पास्सीनं १५९९ मध्ये बायकांच्या दोषांवर ग्रंथ काढला आणि १६०३ मध्ये पुरुषांच्या गलिच्छपणावर. त्याला दोन्ही सारखंच.

पण खेळ होता तो पुरुषांसाठी. पास्सीच्या ग्रंथाला १६०० साली व्हेनिसच्या लुक्रेत्सिया मारिनेल्लानं उत्तर दिलं तेव्हा तिला रोज सकाळी उठून बाई म्हणूनच जगायचं होतं, बाजू बदलण्याची सोय तिला नव्हती. वैद्याची ही मुलगी तेव्हा तिशीच्या आत होती. तिनं पास्सीचीच मांडणी उचलली आणि त्यानं बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण पुरुषांत कसा जास्त आहे हे उदाहरणं देऊन दाखवलं. पुढच्याच वर्षी वाढवलेली आवृत्ती काढून ती थेट ॲरिस्टॉटलला भिडली. मला सर्वात धीट वाटतो तो तिचा दुसराच प्रश्न: मोठमोठे पुरुष बायकांविरुद्ध लिहितात ते कशापोटी? राग, मत्सर, स्वतःवरचं प्रेम. इथे विद्वानाचं मत हे प्रमाण राहिलं नाही, ते तपासायचं लक्षण झालं. क्रिस्तीन ज्या एकमतापुढे क्षणभर कोलमडली होती, त्या एकमताचीच मारिनेल्लानं नाडी पाहिली. बायका पुरुषांहून श्रेष्ठ, हा तिचा निष्कर्ष मला पटत नाही. पण तिनं वापरलेलं हत्यार पटतं.

त्याच वर्षी, त्याच शहरात आणखी एक पुस्तक छापलं गेलं: मोदेराता फोन्तेचा ‘स्त्रियांची योग्यता’ हा संवाद. छापलेलं पाहायला लेखिका हयात नव्हती. १५९२ मध्ये चौथ्या बाळंतपणात ती सदतिसाव्या वर्षी गेली होती. खरं नाव मोदेस्ता पोझ्झो. बाईनं असं जाहीर लिहिणं शोभत नाही म्हणून टोपणनाव. तिच्या चरित्रकारानं, म्हणजे तिच्या नात्यातल्या दोल्योनीनं, नोंदवलंय की लहानपणी भाऊ शाळेतून आला की ती त्याला अडवायची, आज काय शिकवलं ते सांग म्हणायची, आणि अशा उसन्या धड्यांवर लॅटिन शिकली.

या पुस्तकात सात बायका एका बागेत दोन दिवस बोलतात. बाग एका अविवाहित मावशी-आत्यानं मागे ठेवलेली, पुरुष कोणी नाही. विधवा आहे, नववधू आहे, लग्नच नको म्हणणारी विदुषी कोरिन्ना आहे. पहिल्या दिवशी पुरुषांचा हिशेब होतो, विशेषतः हुंड्याचा: पैसे मोजून मालक घरी आणण्याचा हा कसला व्यवहार? दुसऱ्या दिवशी मात्र गप्पा पक्षी, मासे, नद्या, औषधी, कायदा अशा भटकत राहतात. बऱ्याच वाचकांना हा भाग रटाळ वाटतो. मला तोच पुस्तकाचा कळस वाटतो. इटालियन लेखक कास्तील्योनेच्या १५२८ च्या प्रसिद्ध दरबारी संवादातही बायका आहेत, अध्यक्षस्थानीसुद्धा आहेत, पण त्यांच्याविषयीचा वाद पुरुषच आपसांत घालतात आणि त्या बहुतेक वेळ ऐकतात. फोन्तेच्या बागेत बायका स्वतःचा बचाव करून कंटाळतात आणि जगाविषयी बोलू लागतात. आपण माणूस आहोत हे रोज सिद्ध करावं लागलं नाही, तर बायका कशावर बोलतील? माशांवर बोलतील. पावसावर बोलतील. बचावात जाणारा प्रत्येक दिवस या बोलण्यातून वजा होतो, आणि या वादानं बायकांचं केलेलं मोठं नुकसान मला हेच वाटतं.

हुंड्याचा तो हिशेब पुढे आर्कांजेला ताराबोत्तीनं शेवटापर्यंत नेला. व्हेनिसमध्ये सरदार घराण्यांचे हुंडे इतके फुगले होते की एका मुलीचं लग्न करायचं आणि बाकीच्यांना मठात टाकायचं अशी रीतच पडली. इतिहासकारांच्या हिशेबाप्रमाणे १५८१ मध्ये तिथल्या सरदार घराण्यांतल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया मठांत होत्या. ताराबोत्ती अशा बड्या सरदारांच्या घरची नव्हती, पण पायानं अधू, म्हणून तिच्या लग्नाचा विचारच झाला नाही. अकराव्या वर्षी ती सांत’आन्ना मठात गेली आणि १६५२ मध्ये तिथेच वारली. मठात बसून तिनं बापांच्या जुलमावर पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वातंत्र्याची फुशारकी मारणाऱ्या प्रजासत्ताकाला विचारलं की मुलींना कोंडून घराण्यांची मालमत्ता सांभाळता, ते स्वातंत्र्य कोणाचं? पुस्तक १६५४ मध्ये, मृत्यूनंतर, हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. काही वर्षांतच चर्चनं ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातलं. बाईच्या ‘स्वभावा’वरची चर्चा ताराबोत्तीनं पैशाच्या पेटीपाशी नेली. बंदी यायची ती अशा पुस्तकावरच.

इंग्लंडमध्ये जोसेफ स्वेटनम या तलवारबाजीच्या शिक्षकानं १६१५ मध्ये बायकांवर एक सवंग चोपडं काढलं. १६३७ पर्यंत त्याच्या दहा आवृत्त्या निघाल्या. १६१७ मध्ये त्याला तीन उत्तरं आली. दोन टोपणनावांनी, तिसरं रेचल स्पेटनं स्वतःच्या नावानं. लंडनच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, वय एकोणीस. त्या पुस्तकाची एक प्रत येल विद्यापीठात जपलेली आहे. तिच्या समासांत कुणा वैतागलेल्या वाचकानं ठिकठिकाणी लेखिकेला टोमणे आणि घाण शेरे लिहून ठेवले आहेत. मुद्द्याला उत्तर नाही, ती मुलगी आहे यावरच सगळा रोख. पुढे लोक म्हणू लागले की पुस्तक तिच्या वडिलांनीच लिहिलं असणार. १६२१ मध्ये तिनं दुसरं पुस्तक छापलं, त्याचं एक कारण पहिलं आपलंच होतं हे दाखवणं असं तिनं स्वतः लिहिलं आहे.

सापळ्याच्या दोन बाजू इथे पूर्ण होतात. चांगलं लिहिलं तर तू बायकांसारखी नाहीस, आणि फारच चांगलं लिहिलं तर ते तुझं नाहीच. फ्रान्सच्या मारी द गुर्नेनं तिसरीही बाजू नोंदवून ठेवली आहे. अनुवाद आणि मूळ शेजारी ठेवून स्वतःहून लॅटिन शिकलेली, फ्रेंच निबंधकार माँतेनच्या निबंधांची १५९५ ची आवृत्ती सिद्ध करणारी ही बाई. १६२६ च्या एका लेखात ती सांगते की सभेत बाई कितीही बिनतोड बोलली तरी समोरच्याला फक्त हसायचं किंवा मान हलवायची असते: बाई बोलतेय, एवढ्यावर तो जिंकतो. १६२२ मध्ये तिनं श्रेष्ठ-कनिष्ठ दोन्ही टोकं सोडून साधी समानता मागितली. शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांमध्येच शिक्षणानं एवढी तफावत पडते, तर तेच शिक्षण बाई आणि पुरुष यांच्यातली तफावत का मिटवणार नाही? आणि खिडकीतल्या बोक्यासारखं जगात दुसरं काही असेल, तर ती खिडकीतली मांजर, असंही तिनं लिहिलं आहे. वादाच्या सव्वादोनशे वर्षांनंतर कोणीतरी प्रश्नच बदलला.

मग हे सगळं कुठे गेलं? युरोपातलं प्रबोधन (रेनेसाँ) म्हटलं की आपल्या मनात लिओनार्दो, मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली येतात. बायकांच्या वाट्याला प्रबोधन आलं का, हा प्रश्न अमेरिकी इतिहासकार जोन केली यांनी १९७७ मध्ये विचारला आणि त्या काळात तरी नाही, असं उत्तर दिलं. या लेखिकांचं पुढे काय झालं ते पाहिलं की उत्तर आणखी कडू होतं. ‘स्त्रियांची नगरी’ १५२१ मध्ये इंग्रजीत छापली गेली, पण प्रकाशकाच्या प्रस्तावनेत मान मिळाला भाषांतरकार पुरुषाला. मूळ फ्रेंच संहिता छापील स्वरूपात यायला विसावं शतक उजाडलं. चेरेताची पत्रं छापली गेली १६४० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर १४१ वर्षांनी. स्वेटनमच्या दहा आवृत्त्या निघाल्या आणि स्पेटचं उत्तर एकदा छापून थांबलं.

विसरलं जाणं ही इथे निरुपद्रवी गोष्ट नाही. अपवाद तयार होतो तो असाच. आधीच्या बाईचं पुस्तक नाहीसं झालं की पुढची बाई आपोआप ‘पहिली’ ठरते, एकटी पडते, आणि बिबुलस पुन्हा कौतुकाला मोकळा. तिला पुन्हा पायापासून बांधायला घ्यावं लागतं.

आपल्याला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर ताशेरे झोडले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ मध्ये पुण्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या. स्त्रियांवर लादलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत किती आहे हे दाखवायचं, ही त्यांची रीत मारिनेल्लाच्या रीतीशी इतकी जुळते की अंगावर काटा येतो. व्हेनिसच्या त्या पुस्तकाची वार्ताही त्यांच्या कानी येण्याचा मार्ग नव्हता. त्यांना ते सगळं स्वतःच्या रागातून, घडलेल्या खटल्यातून, रोखठोक मराठीतून नव्यानं घडवावं लागलं. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. त्यापलीकडे फारसं कोणी बोललं नाही, आणि ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा छापलं तेव्हा ९३ वर्षं उलटली होती. मधल्या तीन-चार पिढ्यांतल्या मराठी लेखिकांनी आपल्याआधी असं कोणी बोललं होतं हे न कळताच लिहिलं.

म्हणून ‘थोर स्त्रिया’ म्हणून पाठ्यपुस्तकात एखादीचं चित्र आणि चार ओळी टाकण्यावर माझा आक्षेप आहे. बिबुलसचंच ते काम, फक्त शाळेच्या शिक्क्यानं केलेलं. चित्राऐवजी मजकूर द्या. क्रिस्तीनचा शिड्यांचा युक्तिवाद, फोन्तेच्या बागेतली चार पानं, गुर्नेचं मांजर, ताराबाईंचा एक सणसणीत उतारा हे एकापाठोपाठ एक मुलामुलींच्या हातात पडू द्या, म्हणजे एकीचं वाक्य दुसरी कुठे उचलते आणि कुठे खोडते ते त्यांना दिसेल. वाद घालू द्या त्यांना, नोगारोलाचं चुकलं म्हणू द्या.

आणि त्यात चेरेताचं ते पत्र असावंच. तिला लिहायला मुभा देणारे वडील त्याच १४८८ साली वारले. त्यानंतर ती आणखी अकरा वर्षं जगली, १४९९ मध्ये तिशीला टेकून गेली. त्या अकरा वर्षांतली एकही ओळ आपल्यापर्यंत पोचलेली नाही.